पोटगीच्या दाव्यात शेतीचा हिशेब : काय मांडावे, कसे मांडावे

शेतकऱ्याला वर्षाचे उत्पन्न विचारले तर तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळतात. सोयरीक जुळवताना पाहुण्यांपुढे एक आकडा असतो. दाखल्यासाठी तलाठ्याकडे गेल्यावर दुसरा असतो. आणि नवरा-बायकोचे भांडण कोर्टात गेले, पोटगीचा अर्ज झाला, की तिसराच आकडा निघतो. "साहेब, औंदा काय पिकलंय? कोरडवाहू रान हाय आपलं," असे सांगणाऱ्याच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर चालू असते. दुसऱ्या बाजूला, चार एकरांच्या धन्याला महिन्याला लाखभर मिळतात असे अर्जात लिहून देणारेही आहेत. दोन्हीकडून फुगवलेले किंवा दाबलेले आकडे आले की दावा लांबतो. मधल्या काळात लेकराची शाळेची फी कुणीतरी भरायचीच असते, आणि वकिलाची फी दोघेही भरतच असतात.

आमच्या शिवारफेरीत हल्ली पिकावरच्या रोगाइतकाच हा विषय निघतो. "भाऊसाहेब, कोर्टानं कसलं तरी प्रतिज्ञापत्र मागितलंय, त्यात जनावरं पण लिहायची का?" असे लोक विचारतात. उत्तर आहे, होय, जनावरेही लिहायची. कोंबड्याही लिहायच्या. हे नेमके काय आहे, कोणते कागद लागतात आणि शेतीचे उत्पन्न कागदावर कसे मांडायचे, ते या लेखात पाहू. कायद्याचा सल्ला वकिलानेच द्यावा. मात्र शेतीचा हिशेब वकिलाला शेतकऱ्यानेच द्यावा लागतो, आणि तो नीट दिला नाही तर चांगला वकीलही काही करू शकत नाही.

नागपूरचे प्रकरण आणि २०२० चा निकाल

या प्रतिज्ञापत्राची सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका दाव्यातून झाली. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली पत्नीने स्वतःसाठी व लहान मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. २०१५ मध्ये अंतरिम, म्हणजे तात्पुरती, पोटगी मंजूर झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये ती कायम केली. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. तात्पुरत्या पोटगीचा वाद सात वर्षे चालला, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्यापुरता निकाल न देता देशभरच्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी फौजदारी अपील क्रमांक ७३०/२०२० मध्ये हा निकाल दिला.

निकालात न्यायालयाने जे निरीक्षण नोंदवले ते गावातल्या कुणालाही पटेल. पत्नीची बाजू गरजा वाढवून सांगते आणि पतीची बाजू खरी कमाई झाकते, असा त्याचा आशय आहे. मग न्यायाधीशाला अंदाजावर आकडा ठरवावा लागतो. हे टाळण्यासाठी दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न, खर्च आणि देणी शपथेवर लिहून द्यावीत, असा नियम झाला. त्यासाठी निकालाला तीन नमुने जोडले आहेत. पहिला सर्वसाधारण, नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी. दुसरा खास शेती करणाऱ्यांसाठी. तिसरा मेघालय राज्यासाठी. आपल्याला दुसरा नमुना महत्त्वाचा. मात्र शेतीबरोबर नोकरी, दुकान, रिक्षा, ठेकेदारी असे काही असेल तर तेही सांगावे लागते. नुसता शेतीचा नमुना भरून पगार गाळता येत नाही.

खालची न्यायालये हा नियम नीट पाळत नाहीत असे दिसल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आठवण करून दिली. तेव्हा 'आमच्या तालुक्यात असलं काही मागत नाहीत' या भरवशावर कुणी राहू नये.

कोणत्या दाव्यांना लागू

घटस्फोटाचा दावा चालू असतानाची खर्ची हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २४ खाली मागतात, आणि दाव्याच्या शेवटी कायमची पोटगी कलम २५ खाली. घटस्फोट न मागताही बायको, मुले आणि वृद्ध आई-वडील पोटगी मागू शकतात. पूर्वी हे फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली होते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम १४४ आहे. ते सर्व धर्मांना लागू आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालीही खर्ची मागता येते. नवरा-बायकोच्या पोटगीचा अर्ज यांपैकी कोणत्याही कायद्याखाली असला तरी प्रतिज्ञापत्राचा नियम लागू होतो. आधी दुसऱ्या कोर्टात अर्ज केला असेल किंवा काही रक्कम मंजूर झाली असेल, तर तेही अर्जदाराने सांगणे बंधनकारक आहे. म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा वसुली होत नाही.

एक सवलत लक्षात ठेवावी. दारिद्र्यरेषेखालील, आर्थिक दुर्बल घटकातील किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या मजुरांना हे लांबलचक प्रतिज्ञापत्र भरण्यातून सूट देता येते, असे निकालातच म्हटले आहे. भूमिहीन मजूर बाईने फॉर्मला घाबरून अर्ज करायचे थांबवू नये.

शेतीच्या नमुन्यात काय विचारतात, आणि कागद कोणता

नमुना थोडक्यात असा आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्याकडचा कागद कोणता, तेही देत आहे.

१. एकूण जमीन किंवा सामाईक जमिनीतला हिस्सा. त्यासाठी सातबारा आणि आठ-अ. एका गावाच्या आठ-अ वर त्याच गावचे खाते दिसते. दुसऱ्या गावात, दुसऱ्या तालुक्यात जमीन असेल तर तिथला आठ-अ वेगळा काढावा लागतो.

२. मालकी दाखवणारे कागद. निकालात उत्तरेकडचा जमाबंदी हा शब्द आहे. आपल्याकडे सातबारा, फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, आणि खरेदीखत किंवा वाटणीपत्र.

३. जमीन कुठे आहे. गाव, गट नंबर, क्षेत्र.

४. बागायत की जिरायत. सातबाऱ्यावर जिरायत असून प्रत्यक्षात विहीर, बोअर, शेततळे किंवा उपसा सिंचनाचे पाणी असेल तर तसे लिहावे. वीजबिल आणि पाणीपट्टीची पावती हे लपू देत नाही.

५. शेतीची की बिगरशेती. एन.ए. झालेला प्लॉट, रस्त्यालगतचे गाळे यात येतात.

६. शेती कोणती, फळबाग कोणती, आणि वर्षात कोणकोणती पिके घेतली. गाव नमुना बारा म्हणजे पीकपेरा इथे लागतो. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर केली असेल तर बांधावरचा फोटोही तिच्यात आहे. उसाच्या गटात बाजरी दाखवायची सवय आता कोर्टात अंगलट येऊ शकते.

७. जमीन पिकत नसेल तर तिचा दुसरा उपयोग. वीटभट्टी, मोबाईल टॉवर, गोदाम, भाड्याने दिलेली जागा.

८. गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न. यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

९. दुसऱ्याची जमीन अर्धलीने, बटईने, खंडाने किंवा ठोक्याने केली आहे काय. आपल्या भागात जो शब्द चालतो त्याचा अर्थ एकच. तोंडी व्यवहार असला तरी लिहावा.

१०. जनावरे. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाशा, वराह. संख्या आणि त्यांचे उत्पन्न. दूध संस्थेची दहा दिवसांची बिले आणि बँकेत जमा होणारी रक्कम हा पुरावा.

११. जमिनीवर काढलेले कर्ज. सातबाऱ्यावरचा बोजा, सोसायटीचा आणि जिल्हा बँकेचा खातेउतारा.

१२. इतर उत्पन्न, इतर देणी आणि सांगण्यासारखी अन्य माहिती. ट्रॅक्टरचे भाडे, ऊसतोडीची उचल, पिठाची गिरणी, शेतकऱ्यांच्या खात्यात येणारे सरकारी अनुदान हे सगळे इथे.

यादी पाहून काही जण म्हणतील, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग आम्ही का सांगायचे? आयकर नसला तरी उत्पन्न हे उत्पन्नच आहे. नोकरदाराकडे पगाराची स्लिप आणि आयकराचे विवरण असते. शेतकऱ्याकडे ते नसते, म्हणून तर वेगळा नमुना करावा लागला.

उत्पन्न म्हणजे बिलाची रक्कम नव्हे

इथे दोन्ही बाजूंची सर्वांत मोठी चूक होते. बायकोची बाजू कारखान्याचे बिल दाखवते आणि म्हणते, एवढे पैसे आले. नवऱ्याची बाजू खताच्या दुकानाची उधारी दाखवते आणि म्हणते, एवढे पैसे गेले. हिशेब दोन्ही धरून लागतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा शेतकऱ्याकडे चार एकर रान आहे. दोन एकर सोयाबीन, दीड एकर ऊस, अर्धा एकर चारा, आणि दारात दोन म्हशी.

सोयाबीन एकरी ८ क्विंटलप्रमाणे १६ क्विंटल झाले. ४,००० रुपये दराने ६४,००० रुपये आले. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, काढणी, मळणी मिळून एकरी १८,००० प्रमाणे ३६,००० खर्च. शिल्लक २८,०००.

ऊस एकरी ४० टनांप्रमाणे ६० टन गेला. टनाला २,८०० प्रमाणे १,६८,००० आले. खर्च एकरी ५०,००० धरला तर ७५,०००. शिल्लक ९३,०००.

म्हशींचे दोघींचे मिळून सरासरी ८ लिटर दूध, भाकड काळ वगळून २८० दिवस. म्हणजे २,२४० लिटर. ५० रुपये दराने १,१२,०००. पेंड, विकतचा चारा, औषधपाणी ७०,०००. शिल्लक ४२,०००.

एकूण आलेली रक्कम ३,४४,००० आणि खर्च जाऊन उरलेली १,६३,०००. म्हणजे महिन्याला बिलांवरून पाहिले तर साधारण २८,६६७ दिसतात आणि हाती राहतात १३,५८३. प्रतिज्ञापत्रात आलेली रक्कम, खर्च आणि शिल्लक असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. एकच आकडा लिहिला की समोरची बाजू त्यावर संशय घेणार, आणि न्यायाधीशालाही तो कसा आला ते कळणार नाही.

आता तीन वर्षांचे का विचारतात ते पाहा. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. सोयाबीन एकरी ४ क्विंटलवर आले. ८ क्विंटलचे ३२,००० झाले आणि खर्च तेवढाच, ३६,०००. म्हणजे ४,००० तोटा. ऊस ६० ऐवजी ४५ टन गेला, १,२६,००० आले, खर्च जाऊन ५१,०००. दूध तेवढेच, ४२,०००. वर्षाची शिल्लक ८९,०००. तिसऱ्या वर्षी समजा १,५०,००० उरले. तीन वर्षांचे मिळून ४,०२,०००. सरासरी वर्षाला १,३४,००० आणि महिन्याला सुमारे ११,१६७. दुष्काळाचे एकच वर्ष दाखवले तर पोटगी मागणारीवर अन्याय होतो, आणि भरल्या सुगीचे एकच वर्ष धरले तर देणारा मरतो. तीन वर्षांची सरासरी त्यातल्या त्यात न्याय्य पडते.

पिकाच्या मुदतीचाही विचार करावा. आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष रानात असतो, त्यामुळे एखाद्या आर्थिक वर्षात कारखान्याचे बिलच दिसत नाही आणि पुढच्यात एकदम मोठे दिसते. खोडव्याला लागणीपेक्षा खर्च कमी असतो. डाळिंबासारख्या बागेत नव्या लावणीची पहिली वर्षे खर्चाचीच जातात. हे सगळे दोन ओळींत लिहून दिले तर न्यायालयाला समजते. न लिहिले तर नुसती बँकेची नोंद बोलते.

कर्ज दोनदा वजा करू नये

पीककर्ज काढून बियाणे-खत घेतले आणि ते बियाणे-खत खर्चात धरले, तर कर्जाचा परतफेडीचा हप्ता पुन्हा खर्चात घालता येत नाही. फार तर व्याज घालावे. पाइपलाइन, ट्रॅक्टर, विहीर यांच्या मुदती कर्जाचा हप्ता वेगळा दाखवावा. कोर्टाची नोटीस आल्यानंतर काढलेल्या नव्या कर्जाबद्दल प्रश्न विचारला जाणार, हे गृहीत धरावे. त्याचे कारण खरे असेल तर कागद जोडावा.

घरच्या धान्याचे काय? पोत्यातली ज्वारी, गहू, तूर, घरी वापरलेले दूध यांचे पैसे आले नाहीत, पण ते विकत आणावे लागले नाहीत. तेही सांगावे.

आणि घरच्या माणसांची मजुरी? शेतीच्या उत्पादनखर्चात रोख खर्च वेगळा आणि घरच्यांच्या श्रमाची किंमत वेगळी धरतात. घरच्या मजुरीचे पैसे कुणाच्या हातात पडत नाहीत. प्रतिज्ञापत्रात घरच्यांची मजुरी खर्च म्हणून वजा करायची असेल तर ती कुणाची, हेही लिहावे लागेल. खुरपणी, वेचणी, धारा काढणे, शेणघाण ही कामे बहुतेक घरांत बायकोनेच केलेली असतात. तिच्या घामाचा पैसा खर्चात दाखवायचा आणि तिलाच 'तू काय कमावतेस' म्हणायचे, हे कोणत्याही न्यायाधीशापुढे टिकणार नाही. ती घर सोडून गेल्यावर त्याच कामासाठी मजूर लावावे लागले असतील, तर तो मात्र खरा रोख खर्च आहे. तो जरूर दाखवावा.

'जमीन वडिलांच्या नावावर आहे'

एकत्र कुटुंबात हे उत्तर हमखास येते, आणि अनेकदा ते खरेही असते. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन त्यांची असते. सुनेच्या पोटगीच्या दाव्यात ती मुलाची म्हणून धरता येत नाही. वडिलार्जित जमिनीत मुलाचा हिस्सा असतो. नमुन्यात 'स्वतःच्या नावची जमीन' एवढेच न विचारता 'हिस्सा' असाही शब्द आहे, तो याचसाठी. नावावर गुंठाही नसला तरी जो तरुण रान कसतो, दूध घालतो, ट्रॅक्टर चालवतो, त्याची कमाई शून्य आहे असे म्हणता येत नाही.

काही जण दावा येणार असे दिसले की घाईने हक्कसोड करतात, आईच्या नावे बक्षीसपत्र करतात किंवा भावाला स्वस्तात खरेदी देतात. यात दोन अडचणी आहेत. फेरफाराला तारीख असते, आणि ती दाव्याच्या तारखेशेजारी ठेवली की सगळे दिसते. दुसरे म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ३९ प्रमाणे, ज्या मिळकतीच्या उत्पन्नातून कुणाला पोटगी मिळण्याचा हक्क आहे ती फुकट दिली, किंवा घेणाऱ्याला तो हक्क माहीत होता, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही बजावता येतो. म्हणजे भावाच्या मदतीला गेलेला भाऊही कोर्टात उभा राहतो. एका घराचे भांडण दोन घरांत करून ठेवू नये.

बाईने काय तयारी करावी

प्रतिज्ञापत्र दोघांनाही भरायचे आहे. अर्ज करणारीने ते अर्जासोबतच द्यायचे असते. अंगणवाडीचे मानधन, शिवणकाम, बचत गटातली बचत व कर्ज, माहेरच्या जमिनीतला हिस्सा, अंगावरचे दागिने हे तिनेही सांगायचे आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाप्रमाणे हिस्सा मिळाला. तो कागदावर असेल तर लपवू नये. थोडेफार कमावते म्हणून पोटगी बंद होते असे नाही. खोटे पकडले गेले तर मात्र सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास जातो.

"मला तर त्यांची जमीन किती ते पण ठाऊक नाही," असे अनेक जणी सांगतात. वीस वर्षे ज्या रानात राबल्या त्याचा गट नंबर त्यांना माहीत नसतो. सातबारा आणि आठ-अ हे काही गुप्त कागद नाहीत. गाव आणि नाव माहीत असेल तर महाभूलेखवर पाहता येतात, आणि डिजिटल सहीचा उतारा थोडक्या पैशांत निघतो. तलाठी कार्यालयातही नक्कल मिळते. कारखान्याची किंवा दूध संस्थेची बिले मिळत नसतील तर वकिलामार्फत कोर्टाकडे तशी मागणी करता येते. समोरच्याला लेखी प्रश्न विचारण्याची आणि कागद हजर करायला लावण्याची तरतूद आहे.

वकिलाची फी परवडत नाही ही अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

उशीर आणि खोटेपणाची किंमत

नोटीस मिळाल्यावर समोरच्या पक्षाने जास्तीत जास्त चार आठवड्यांत उत्तर आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत, असे निकालात सांगितले आहे. त्यानंतरही कुणी मुद्दाम टाळत राहिला तर त्याचा बचाव रद्द करता येतो, आणि अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावरच आकडा ठरवता येतो. म्हणजे गप्प बसणाऱ्याचे उत्पन्न बायकोच लिहून देते. अंतरिम पोटगीचा निर्णय प्रतिज्ञापत्रे दाखल झाल्यापासून चार ते सहा महिन्यांत करण्याचा प्रयत्न व्हावा, असेही सांगितले आहे.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते. तारखा वाढवून पैसे वाचत नाहीत. महिना ४,००० रुपये ठरले आणि तोवर १८ महिने गेले असतील तर ७२,००० एकदम उभे राहतात. मग दावणीची म्हैस विकायची वेळ येते. भरले नाहीत तर दंड वसूल करतात त्या पद्धतीने वसुलीचे वॉरंट निघते आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

शपथेवर खोटे सांगितले तर न्यायालय चौकशी करून फौजदारी तक्रार करू शकते. न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे नवरा-बायको दोघांनाही सारखेच लागू.

परिस्थिती बदलली तर काय? गारपिटीने बाग गेली, म्हैस दगावली, किंवा उलट जमीन रस्त्यात जाऊन मोबदला आला, तर सुधारित प्रतिज्ञापत्र देता येते आणि पोटगी कमी-जास्त करून मागता येते. त्यासाठी पंचनाम्याची प्रत, पीकविम्याची पावती, पशुवैद्यकीय दाखला जपून ठेवावा. आपला शेतकरी पंचनामा भरपाईसाठी करतो आणि पैसे आले की कागद फेकून देतो. तो फेकू नये.

घटस्फोटाने निम्मी जमीन जाते काय

ही भीती गावोगाव आहे, आणि तिच्यापोटीच पुष्कळसे खोटे बोलले जाते. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला म्हणून बायकोला नवऱ्याच्या जमिनीत आपोआप निम्मा हिस्सा मिळत नाही. तिला पोटगी मिळते, ती महिन्याची किंवा एकरकमी. पोटगीच्या हमीसाठी कलम २५ प्रमाणे जमिनीवर बोजा ठेवता येतो, सोसायटीचा असतो तसा. शेजारच्या गोव्यात मात्र चाल वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मिळकत दोघांची सामाईक धरली जाते. जमीन मुळातच दोघांच्या नावावर खरेदी केलेली असेल तर आपल्याकडेही बायको तेवढ्या हिश्शाची मालकीण असते. ती तिची मिळकत, पोटगी नव्हे.

तेव्हा प्रतिज्ञापत्रात सहा एकर लिहिले म्हणून तीन एकर गेले, असे होत नाही. सहाचे चार लिहिले आणि सातबारा सहाचा निघाला, तर मात्र पुढचा एकही आकडा कुणी खरा मानत नाही.

गावच्या कारभाऱ्यांसाठी चार शब्द

तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, यांच्याकडे अशा वेळी दोन्ही बाजू येतात. "अण्णासाहेब, दाखला जरा कमीचाच द्या, पोराचं कोर्टाचं काम हाय." पाहणी न करता दिलेला उत्पन्नाचा अहवाल उलटतपासणीत देणाऱ्यालाच महागात पडतो. पीकपेरा, पाण्याचे साधन आणि जनावरे पाहून जे आहे तेच लिहावे. दाव्याच्या काळात हक्कसोडीचा किंवा वाटणीचा फेरफार आला तर नोटिसा आणि हरकतीची मुदत काटेकोर पाळावी.

सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीच्या मंडळींनी आणखी एक जपावे. गावच्या पारावर बसून बाँडवर सोडचिठ्ठी लिहायची, बाईला एकदाच काही रक्कम द्यायची आणि 'यापुढे काही संबंध नाही' म्हणून अंगठा घ्यायचा, ही रीत अजून गेलेली नाही. जातीत सोडचिठ्ठीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच तिला मान्यता मिळते. एरवी असा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. अशा बैठकीत जमीन किती, दूध किती, कर्ज किती, हे कुणी विचारलेले नसते. दोघांची खुशी असेल तर परस्पर संमतीचा अर्ज कलम १३-ब खाली कोर्टातच करावा. समेट घडवायचाच असेल तर बैठकीत दोघांचे सातबारे, बिले आणि कर्जाचे उतारे आधी मागवावेत. आकडे समोर आले की निम्मे भांडण ओट्यावरच मिटते.

घरातल्या प्रत्येक कर्त्याने, भांडण असो वा नसो, एक वही घालावी. पेरणीपासून विक्रीपर्यंतचा खर्च, आलेली पट्टी, दुधाचे बिल, मजुरी तारखेसह लिहावी. बँकेला, पीकविम्याला आणि स्वतःलाही ती लागतेच. त्या वहीतले आकडे घरातल्या बाईलाही माहीत असावेत. शक्य तर तिनेच ती लिहावी.